फौजेतून, पोलिसातून आलेल्या माणसाला मनाच्या दुखण्यात मदत कशी मिळवून द्यावी

आबा फौजेतून रिटायर होऊन सोलापुरात आले, तेव्हा रात्री दोन-दोनदा उठून दाराची कडी तपासायचे. आम्ही म्हणायचो, जुनी सवय. ते दुखणं आहे हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. तुमची तीन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी नुसतं बघा. झोप किती लागते, दचकून उठतात का, दारू वाढली का, माणसं टाळतात का, हे वहीत टिपून ठेवा. एखाद्या भीषण प्रसंगानंतर काही दिवस झोप उडणं साहजिक आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जीव गेले. तिथे आत शिरलेल्या जवानांच्या डोळ्यांपुढून ते लगेच कसं जाईल? पण महिना उलटूनही तीच दृश्यं छळत असतील, तर डॉक्टर गाठायचा.

मग झोपेवरून बोला. 'मानसिक' हा शब्द काढला की माणूस उठून जातो. आमच्याकडे चालला तो साधा प्रश्न, तोही गाडीवर मागे बसून: "आबा, झोप लागत नाही का हल्ली?" तिथे काय पाहिलं हे खोदून विचारू नका. 'फौजी माणूस असून घाबरता?' हे तर चुकूनही नको.

मदत कुठे मिळेल? पहिला फोन १४४१६, म्हणजे टेली मानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. मोफत, चोवीस तास, मराठीतही. घरच्यांनी केला तरी चालतो. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, याचाच खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून आहे. माजी सैनिकांनी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड घेऊन तिच्या पॉलिक्लिनिकला जावं, तिथून पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. कागदपत्रांत अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पोलीस, एसआरपी, अग्निशमन दल, १०८ वरची मंडळी यांच्यासाठी सिव्हिलचा, म्हणजे सरकारी रुग्णालयाचा, मानसोपचार विभाग आहे. 'साहेबांना कळेल' ही भीती खरी असते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती परस्पर देऊ शकत नाहीत.

गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका, बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनाने नको.

जिवाचा धोका वाटला तर थेट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट दडपण उतरतं. आणि हे त्याच दिवशी करा: शेतातल्या घरातली फवारणीची औषधं दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. बँकेत गनमनची नोकरी असेल, घरात लायसनची बंदूक असेल, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करण्याबद्दल तिथे आधी बोला. त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका. सिव्हिलला न्या, गरज पडली तर ११२ लावा.

एक आमच्या गावचंच. संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, ते सगळ्या शहराला आनंदाचं. पण काहींना तो आवाज सोसत नाही. तारीख आधी सांगा आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. आबा त्या संध्याकाळी आत्याकडे माढ्याला जातात. नंदीध्वजांची मिरवणूक मात्र ते अजून चुकवत नाहीत.