वेदनाशामक गोळी घेताना

गोळी घेण्याआधी पाकिटावरचं ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. गफलत होते ती इथेच. सर्दीची गोळी, तापाची गोळी आणि अंगदुखीची गोळी या तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं. वेगवेगळी औषधं समजून माणूस एकाच औषधाचा तिप्पट डोस घेऊन बसतो.

प्रौढांसाठी पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर, आणि २४ तासांत सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा याहून कमी. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डोस जास्त झाला तर बरं वाटत असलं तरी लगेच रुग्णालय गाठा. यकृताला इजा होत असते, पण पहिला दिवस लक्षणं जेमतेमच दिसतात.

आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, खाऊन झाल्यावर. स्वतःच्या मनाने दिवसाला १२०० च्या पुढे नको. सोबत डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन घेऊ नका. ही एकाच जातकुळीची औषधं: आराम वाढत नाही, जठरात व्रण आणि रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर आयबुप्रोफेनसारखी ही औषधं डॉक्टरांना आधी विचारल्याशिवाय नकोच.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. सिरप मोजायला सोबतचं मापच वापरा, घरातला चमचा नाही. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.