पित्ताची गोळी: कोणती, केव्हा आणि किती दिवस

छातीत जळजळले किंवा घशाशी आंबट आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. वैद्यकशास्त्रातले पित्त हा यकृतात तयार होणारा वेगळाच रस आहे, आणि या तक्रारींमागे बहुधा जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ही गल्लत तशी निरुपद्रवी आहे. नुकसान होते ते सगळी औषधे ‘गॅसची गोळी’ या एकाच नावाखाली मोडली जातात तेव्हा, कारण त्यांची कामे वेगळी असतात आणि म्हणूनच घेण्याच्या वेळाही वेगळ्या असतात.

अँटासिडची पातळ औषधे आणि चघळण्याच्या गोळ्या आधीच तयार झालेले आम्ल निष्प्रभ करतात, त्यामुळे आराम काही मिनिटांत पडतो, पण तो टिकत नाही. रिकाम्या पोटी घेतल्यास औषध लवकर पुढे सरकते. जेवणानंतर तासाभराने घेतल्यास जठरात अधिक वेळ राहते. मॅग्नेशियममुळे जुलाब होतात आणि ॲल्युमिनियममुळे मलावरोध, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या तसेच काही प्रतिजैविके अँटासिडबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत, त्यामुळे मध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे ते औषध घेतानाच विचारून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ही औषधे, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी सोड्याची फसफसणारी चूर्णे, विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

फॅमोटिडीन त्याच्या आधीच्या पायरीवर काम करते. आम्ल तयार करणाऱ्या पेशींना हिस्टामिन हे रसायन जो संदेश देते, तो ते अडवते. परिणाम दहा-बारा तास टिकतो, म्हणून रात्री जळजळ होणाऱ्यांना ते उपयोगी पडते. मात्र रोज घेत राहिल्यास काही दिवसांतच गुण कमी होऊ लागतो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही सर्वाधिक खपणारी औषधे, आणि माझ्या मते सर्वाधिक चुकीच्या वेळी घेतली जाणारीही हीच. आम्ल जठरात सोडणाऱ्या शेवटच्या यंत्रणेला, म्हणजे प्रोटॉन पंपाला, ती कायमची बंद पाडतात; पण जे पंप त्या वेळी चालू असतील त्यांनाच. पंप चालू होतात ते अन्न आल्यावर, आणि गोळी रक्तात जेमतेम काही तास असते. म्हणून ती सकाळच्या न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी आणि त्यानंतर खाणे टाळू नये. नुसत्या चहावर दुपारपर्यंत राहणाऱ्याची गोळी बरीचशी वाया जाते. एका मात्रेत सगळे पंप सापडत नसल्याने पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्याच दिवशी फरक पडला नाही म्हणून गोळी बदलू नये. आम्लापासून बचावासाठी तिच्यावर आवरण असते, त्यामुळे ती चावून वा कुटून घेऊ नये.

अल्सरमध्ये, म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या अस्तराला झालेल्या जखमेत, केवळ आम्ल कमी करणे पुरत नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे दाखवून दिले. मार्शल यांनी 1984 मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन पाहिले, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. म्हणून जिवाणू आढळल्यास प्रतिजैविके आणि आम्लरोधक औषध यांचा साधारण 14 दिवसांचा कोर्स देतात. पोट शांत झाले म्हणून तो मधेच सोडल्यास चिवट जिवाणू मागे उरतात. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असल्यास पँटोप्राझोलसारखी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद असावी लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामके. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. गुडघेदुखीसाठी ती रोज घेणाऱ्याने डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. सुक्रालफेट जखमेला चिकटून तिच्यावर थर धरते, म्हणून ते जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी घ्यायचे असते.

दुकानातून स्वतः आणलेली गोळी दोन आठवड्यांहून अधिक लागत असेल तर तपासणी करून घ्यावी. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, गिळताना अडथळा, विनाकारण घटणारे वजन, यांपैकी काहीही दिसल्यास तेवढीही वाट पाहू नये. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा हाताकडे सरकणारी कळ असेल तर अँटासिड पिऊन पाहण्यात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे. अनेक महिने चाललेली गोळी एकदम थांबवल्यास काही दिवस आम्ल उसळते. ते मूळ दुखणे परतल्याचे लक्षण असेलच असे नाही, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि मधल्या दिवसांसाठी अँटासिड देतात.