जुन्या स्टीलच्या रोड सायकलचं घराणं आणि वय कसं ओळखावं

नजर आधी नळीवरच्या नावाकडे जाते, पण त्यावर विसंबू नका. फ्रेम पुन्हा रंगवली जाते, स्टिकर कोणीही लावतं. ‘रेनॉल्ड्स ५३१’ हे तर नळीचं नाव. १९३५ पासून कितीतरी कारागिरांनी ती नळी वापरली.

सायकल उलटी करा. पेडलच्या दांड्यांचा (क्रँकचा) आस ज्या आडव्या शेलमध्ये फिरतो, त्या बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखाली बहुधा नंबर ठोकलेला असतो. नसेल तर सीटखालचा लग (नळ्या जोडणारी खोबण) आणि मागच्या चाकाचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) तपासा. ग्रीस ब्रशने काढा, खरवडू नका. अंक रंगात बुजले असतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा.

मग कॅलिपर घ्या. शेल ७० मिमी रुंद आणि दोन्हीकडचे आटे उजवे (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) असले, तर इटालियन पद्धत. ६८ मिमी आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे, तर इंग्लिश. जपानी कारखान्यांनीही हीच पद्धत घेतली, म्हणून एवढ्यावर देश ठरवू नका. रुंदी ६८, दोन्ही आटे उजवे आणि सीटची नळी २८.६ ऐवजी २८ मिमी भरली, तर जुनी फ्रेंच फ्रेम समजा.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिमी असेल तर मागे पाच गिअर, १२६ ला सहा-सात, १३० ला आठ किंवा जास्त. मात्र हे अंतर नंतर फाकवलेलंही असू शकतं. गिअरचे खटके नळीवर पट्टीने आवळलेले असले, फ्रेमवर ब्रेझ केलेले (वितळलेल्या धातूने कायमचे जोडलेले) खुंट नसले, तर फ्रेम बहुधा जुन्या पिढीतली.

मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते सुट्या भागांवरचे ठसे. शिमानोच्या भागावर दोन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं (‘ए’ म्हणजे १९७६), दुसरं महिन्याचं. ‘एचसी’ म्हणजे मार्च १९८३. कॅम्पाग्नोलोच्या जुन्या मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर) ‘पेटंट’पुढे वर्षाचे दोन आकडे सापडतात. एकट्या भागावरून निकाल देऊ नका. डिरेलर आणि चाकं सर्रास बदलली जातात. क्रँक, हब, ब्रेक यांच्या तारखा जवळजवळ आल्या, तर सायकल त्याच सुमारास किंवा थोडी नंतर जोडली गेली असावी.

कारागीर ओळखायला लगची टोकं, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) माथा आणि सीट-स्टेची (सीटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांची) वरची टोकं यांचे जवळून फोटो काढून जुन्या कॅटलॉगशी ताडा. फ्रेमच्या पुढच्या नळीवरचा बिल्ला हरवला असेल तर त्याच्या रिव्हेटच्या भोकांमधलं अंतर मोजून ठेवा. शेवटी फोर्क बाहेर काढून त्याची फ्रेमच्या आत बसणारी नळी पाहा. तिच्यावर फ्रेमचाच नंबर निघाला, तर ही जोडी मूळची आहे.