एकाच बाईच्या दोन दिवसांची तुलना: मध्यस्थ आणि नियामक चल कसे तपासावेत

समजा, कापूस वेचणाऱ्या ४० बायांनी एक दिवस कमरेच्या ओटीत कापूस वेचला आणि एक दिवस खांद्यावरच्या नव्या पिशवीत. दोन्ही दिवशी कापूस तोलला. इथे प्रत्येक बाईची तुलना तिच्या स्वतःशीच होते. कृषी विस्तार, गृहविज्ञान, मानसशास्त्र, समाजकार्य अशा कुठल्याही विभागात हा आराखडा कामाचा आहे, कारण खेड्यात शंभर-दोनशे माणसं गोळा करणं अवघड आणि चाळीस माणसांना दोनदा भेटणं शक्य असतं.

फरक पडला की नाही, एवढं पेअर्ड टी-टेस्ट (त्याच व्यक्तींच्या दोन नोंदींची तुलना करणारी चाचणी) सांगते. पुढचे दोन प्रश्न मात्र राहतात. फरक कोणत्या वाटेने पडला? नव्या पिशवीने थकवा कमी झाला म्हणून कापूस वाढला असेल, तर थकवा हा मध्यस्थ चल, म्हणजे मेडिएटर. आणि फरक कोणाला जास्त पडला? नवख्या बाईला जास्त आणि मुरलेल्या बाईला कमी पडत असेल, तर वेचणीचा अनुभव हा नियामक चल, म्हणजे मॉडरेटर.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ४० बायांच्या दोन-दोन नोंदी एकाखाली एक लावून ८० ओळी करायच्या आणि दोन वेगळ्या गटांसाठी असलेलं तयार विश्लेषण चालवायचं. संगणक तक्रार करत नाही, पण तो ८० वेगळ्या बाया धरून चालतो. एकाच बाईच्या दोन नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात हे त्याला कळत नाही, आणि प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डळमळू शकतो याचं माप) चुकते. योग्य रीत चार्ल्स जड, डेव्हिड केनी आणि गॅरी मॅक्लेलंड यांनी २००१ मध्ये मांडली. अमांडा मोंटोया आणि अँड्र्यू हेज यांनी २०१७ मध्ये तिला पाथ अ‍ॅनालिसिसची, म्हणजे परिणामाच्या वाटा जोडून मोजण्याची, चौकट दिली. खाली तीच रीत आहे.

वावरात काय सांभाळायचं

विश्लेषणाचा अर्धा निकाल वावरातच लागतो. सकाळचं दंव कापसात उतरलेलं असतं आणि ओला कापूस जास्त भरतो, म्हणून दोन्ही दिवशी दंव सुकल्यावरच सुरुवात करा. पहिल्या वेचणीला पऱ्हाटी फुटलेल्या बोंडांनी भरलेली असते, तिसऱ्या वेचणीला तसं नसतं. दोन्ही दिवस एकाच वेचणीतले, एकाच वावरातले घ्या आणि प्रत्येक बाईला जवळजवळच्या ओळी द्या. मजुरी किलोमागे असेल तर दोन्ही दिवशी किलोमागेच द्या. एक दिवस रोजंदारी आणि एक दिवस किलोवर दिली, तर पिशवीचा परिणाम मजुरीच्या परिणामात मिसळून जातो. ओटीच्या फडक्याचं आणि नव्या पिशवीचं वजन वेगळं असतं, ते तोलातून वजा करा. नव्या पिशवीची दोन-तीन दिवस आधी सवय होऊ द्या, नाहीतर तुम्ही पिशवी मोजत नसून अवघडलेपण मोजत असता.

क्रम सर्वांत महत्त्वाचा. सगळ्या बायांनी आधी ओटी आणि मग पिशवी वापरली, तर दुसऱ्या दिवसाचं ऊन, उरलेली बोंडं, अंगात भरलेला शीण हे सगळं पिशवीच्या नावावर जमा होतं. चिठ्ठ्या टाकून २० बायांना आधी ओटी आणि २० बायांना आधी पिशवी द्या. क्रमाचा स्तंभ ठेवा, एका क्रमाला −०.५ आणि दुसऱ्याला +०.५. टोळीचा क्रमांकही लिहा, कारण एका टोळीतल्या बाया एकमेकींच्या वेगाने वेचतात.

थकवा आधी मोजायचा आणि कापूस नंतर. पहिले दोन तास झाले की थकवा विचारा. त्यापुढच्या दोन तासांचा कापूस वेगळा तोला. विश्लेषणात तोच घ्यायचा. दोन्ही एकदमच मोजले तर ‘कमी थकली म्हणून जास्त वेचलं’ की ‘जास्त वेचलं म्हणून थकली’ याचा उलगडा होत नाही. थकव्यासाठी बोर्गची ६ ते २० ची पट्टी चालते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रंगीत पट्टी करून, त्यांच्याच बोलीत, प्रत्येकीला त्याच शब्दांत विचारा.

तक्ता आणि वजाबाकी

तक्त्यात एका बाईला एकच ओळ: ओटी-थकवा, पिशवी-थकवा, ओटी-कापूस, पिशवी-कापूस, अनुभवाची वर्षं, क्रम, टोळी. त्यातून तीन नवे स्तंभ काढा.

थकवा-फरक = पिशवी-थकवा वजा ओटी-थकवा.
कापूस-फरक = पिशवी-कापूस वजा ओटी-कापूस.
थकवा-सरासरी = दोन्ही दिवसांच्या थकव्याची सरासरी, तिच्यातून चाळीसही बायांची मिळून येणारी सरासरी वजा करून. ही वजाबाकी म्हणजे केंद्रीकरण.

वजाबाकीची दिशा दोन्ही फरकांत एकच हवी. एकीकडे ‘पिशवी वजा ओटी’ आणि दुसरीकडे उलट झालं, तर खालच्या तिसऱ्या समीकरणातल्या ‘ब’ चं चिन्ह फिरतं आणि निष्कर्ष उलटा लिहिला जातो.

मध्यस्थाची तपासणी

तीन समीकरणं लागतात. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. क्रमाचा स्तंभ तिन्हींत घालायचा, इथे सोपेपणासाठी वगळला आहे.

पहिलं: कापूस-फरकाची सरासरी. ओटीने ९.० किलो आणि पिशवीने १०.१ किलो, म्हणून एकूण परिणाम १.१ किलो.

दुसरं: थकवा-फरकाची सरासरी. ओटीने १४.२ आणि पिशवीने १२.०, म्हणून ‘अ’ = −२.२.

तिसरं: कापूस-फरक = थेट परिणाम + ब × थकवा-फरक + ड × थकवा-सरासरी. समजा यातून ब = −०.३०, म्हणजे थकवा एकाने जास्त उतरला तर कापूस ०.३० किलोने जास्त वाढतो, आणि थेट परिणाम, म्हणजे थकव्याची वाट सोडून उरलेला, ०.४४ आला.

थकव्याच्या वाटेने आलेला परिणाम म्हणजे अ × ब = −२.२ × −०.३० = ०.६६ किलो. आता ताळा: ०.४४ + ०.६६ = १.१०. हा ताळा दशांशापर्यंत जुळायलाच हवा. जुळला नाही तर दोनच गोष्टी तपासा: सरासरी केंद्रित करायची राहिली का, आणि एखाद्या समीकरणातून कोणा बाईची ओळ गळली का. एक दिवस न आलेल्या बाईचा फरक निघत नाही, म्हणून ती तिन्ही समीकरणांतून बाहेर गेली पाहिजे.

तिसऱ्या समीकरणात थकवा-सरासरी कशाला, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ओटीच्या दिवशी थकवा आणि कापूस यांचा एक उतार असतो, पिशवीच्या दिवशी दुसरा. दोन दिवसांची समीकरणं एकमेकांतून वजा केली की ‘ब’ हा त्या दोन उतारांची सरासरी ठरतो आणि ‘ड’ हा त्यांच्यातला फरक. सरासरीचा स्तंभ काढून टाकला तर दोन्ही उतार सारखेच आहेत असं न तपासता मानल्यासारखं होतं, आणि ते तसे नसतील तर ‘ब’ चुकू शकतो. शिवाय ‘ड’ स्वतःही काही सांगतो: ओटीच्या दिवशी थकव्याचा कापसावरचा भार पिशवीच्या दिवसापेक्षा वेगळा आहे का. बरेच प्रबंध ‘ड’ छापतात आणि त्यावर एक वाक्यही लिहीत नाहीत, हे चुकीचं आहे.

अ × ब ची खात्री बूटस्ट्रॅपने करा. ४० बायांतून ४० वेळा परत ठेवत-ठेवत चिठ्ठी काढायची, तिन्ही समीकरणं पुन्हा सोडवायची, गुणाकार लिहून ठेवायचा आणि असं ५,००० वेळा. खालचे २.५ टक्के आणि वरचे २.५ टक्के सोडून उरलेली मर्यादा शून्याला स्पर्श करत नसेल, तर मध्यस्थाच्या वाटेला आधार आहे. चिठ्ठी बाईची काढायची, एका दिवसाच्या नोंदीची नाही. यादृच्छिक बीजांक (रँडम सीड, म्हणजे संगणकाच्या चिठ्ठ्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लिहून ठेवा, म्हणजे तेच आकडे पुन्हा निघतील. एकूण परिणाम आधी सार्थ (सिग्निफिकंट, म्हणजे योगायोगाने सहज येणार नाही एवढा ठळक) असलाच पाहिजे ही जुनी अट आता धरत नाहीत. दोन वाटा विरुद्ध दिशेने ओढत असतील तर एकूण परिणाम शून्याजवळ दिसू शकतो.

‘ब’ का निसटतो

हा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेक अभ्यास इथे अडकतात. ‘अ’ साठी थकवा सरासरीने घटला पाहिजे. ‘ब’ साठी तो बायांमध्ये कमी-जास्त घटला पाहिजे. प्रत्येक बाईचा थकवा नेमका २.२ नेच उतरला, तर ‘अ’ भक्कम दिसतो, पण ‘ब’ काढताच येत नाही, कारण कोणाचा थकवा जास्त उतरला आणि तिचा कापूस जास्त वाढला का, हे ताडायला फरकच उरत नाही.

स्वतःशी तुलना करण्याचा फायदा सरासरीच्या फरकाला मिळतो. दोन्ही दिवशी कापसाचं प्रमाण विचलन २.० किलो आणि दोन दिवसांचा सहसंबंध ०.७ असेल, तर फरकाचं प्रसरण (व्हेरियन्स, म्हणजे विचलनाचा वर्ग) ४ + ४ − २ × ०.७ × ४ = २.४ आणि विचलन सुमारे १.५५. चाळीस बायांवर प्रमाण त्रुटी ०.२४ च्या आसपास येते. चाळीस-चाळीस वेगळ्या बाया घेतल्या असत्या तर ती ०.४५ च्या आसपास आली असती. पण हाच सहसंबंध थकव्याच्या फरकाला महागात पडतो. पट्टीची विश्वसनीयता (मोजलेल्या चढउतारातला खरा वाटा) ०.८५, दोन दिवसांचा सहसंबंध ०.७ आणि दोन्ही दिवसांचा पसारा सारखा असेल, तर फरकाची विश्वसनीयता (०.८५ − ०.७) ÷ (१ − ०.७) = ०.५ उरते. म्हणजे थकवा-फरकातला निम्मा चढउतार निव्वळ मोजमापाचा गोंधळ, आणि तो ‘ब’ ला सहसा शून्याकडे ओढतो. उपाय सोपा आहे: दोन तासांत थकवा एकदा न विचारता दर अर्ध्या तासाने विचारा आणि चार उत्तरांची सरासरी घ्या.

कार्यकारणाबद्दलही प्रामाणिक राहा. कोणत्या दिवशी ओटी आणि कोणत्या दिवशी पिशवी हे चिठ्ठीने ठरलं, म्हणून ‘अ’ आणि एकूण परिणाम यांना कारण म्हणता येतं. थकवा कोणी चिठ्ठीने वाटला नव्हता. एखाद्या बाईचं लेकरू रात्रभर तापलेलं असेल, तर तिचा थकवाही वाढतो आणि हातही मंदावतो. वय, अंगकाठी यांसारखे न बदलणारे गुण कापसात दोन्ही दिवशी सारखीच भर घालत असतील तर वजाबाकीत निघून जातात. दिवसागणिक बदलणारी कारणं जात नाहीत.

नियामकाची तपासणी

हे त्यामानाने सोपं. कापूस-फरक = पाया + उतार × अनुभव. उताराची चाचणी हीच ‘पिशवी आणि अनुभव’ यांच्या आंतरक्रियेची (इंटरॅक्शन) चाचणी. समजा पाया १.९ आणि उतार −०.०८. पाच वर्षांच्या अनुभवाला पिशवीचा फायदा १.५ किलो, दहा वर्षांना १.१, वीस वर्षांना ०.३. पाया म्हणजे शून्य वर्षं अनुभव असलेल्या बाईचा परिणाम. तशी बाई तुमच्याकडे नसेल तर अनुभव केंद्रित करून घ्या, म्हणजे पाया सरासरी बाईचा होईल.

बायांना ‘नवख्या’ आणि ‘अनुभवी’ अशा मध्यकावर दोन गटांत तोडू नका. हातातली माहिती वाया जाते. जॉन्सन-नेमन पद्धत वापरा. कोणत्या वर्षापर्यंत फायदा सार्थ राहतो ती सीमा ती काढून देते. ती सीमा तुमच्या आकड्यांच्या टप्प्याबाहेर पडली, तर तिच्यावर काहीही लिहू नका.

नियामक हा बाईचा न बदलणारा गुण हवा, एकदाच मोजलेला. त्या-त्या दिवसाचं तापमान दोन्ही दिवशी वेगळं असतं, ते या समीकरणात बसत नाही. त्यासाठी, तसंच पिशव्या तीन किंवा जास्त असतील तर, बहुस्तरीय प्रतिमान (मल्टिलेव्हल मॉडेल) शिका. तिथे एक नवी गोष्ट येते: अ आणि ब बाईगणिक बदलत असतील तर सरासरी अप्रत्यक्ष परिणाम म्हणजे अ × ब अधिक त्या दोघांचं सहप्रसरण (कोव्हेरियन्स, म्हणजे दोघं मिळून किती बदलतात याचं माप).

सॉफ्टवेअर आणि सराव

एसपीएसएस किंवा सॅस असेल तर मोंटोया यांचा मेमोर (MEMORE) हा मोफत मॅक्रो (तयार आज्ञावली) हीच तपासणी करतो. प्रतिमान १ मध्यस्थासाठी, २ आणि ३ नियामकासाठी. तो पहिल्या चलातून दुसरा वजा करतो, म्हणून दोन्ही ठिकाणी पिशवी आधी आणि ओटी नंतर लिहा. एसपीएसएस परवडत नसेल तर आर (R) हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यातलं लावान (lavaan) पॅकेज पुरतं. वजाबाकीचे स्तंभ लिबरऑफिसमध्येही होतात.

सराव या क्रमाने करा. आधी पेअर्ड टी-टेस्ट, मग त्याच फरकावर फक्त पाया असलेलं रिग्रेशन. दोन्हीचा टी तंतोतंत सारखा आला पाहिजे. मग तिसरं समीकरण आणि ताळा. त्यानंतर अ आणि ब स्वतः ठरवून ४० काल्पनिक बायांचे आकडे तयार करा आणि विश्लेषणातून तेच आकडे परत निघतात का ते पाहा. हे शंभरदा वेगवेगळ्या बीजांकांनी चालवलं की ‘अ’ किती स्थिर असतो आणि ‘ब’ किती हिंदकळतो, हे डोळ्यांनी दिसतं. नमुना किती घ्यायचा ते याच सरावातून, वावरात जाण्याआधी ठरवा.

प्रबंधात लिहिताना वजाबाकीची दिशा, क्रम कसा वाटला, किती बाया गळल्या, अ, ब, ड आणि थेट परिणाम प्रमाण त्रुटीसह, अप्रत्यक्ष परिणामाची बूटस्ट्रॅप मर्यादा आणि बीजांक हे सगळं द्या. परिणाम किलोमध्येच सांगा: ‘दोन तासांत सुमारे दोन-तृतीयांश किलो थकव्याच्या वाटेने’ हे वेचणाऱ्या बाईलाही समजतं आणि परीक्षकालाही.