कासला फुलांचे फोटो हलतात? शटर स्पीडच्या या चुका टाळा

फोटो हलला की आधी लेन्सला दोष दिला जातो. त्याआधी तो फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पूर्ण मोठा करून पाहा. फूल, गवत, दगड असं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला. शेजारचा दगड स्वच्छ आणि फुलाच्या कडा तेवढ्या ओढलेल्या दिसल्या तर फूल हललं. फूल मऊ आणि त्याच्या मागचं गवत खणखणीत असेल तर फोकस चुकलाय, तिथे शटर स्पीड वाढवून, म्हणजे शटर आणखी कमी वेळ उघडं ठेवून, काहीच होणार नाही.

हाताची थरथर टाळायचा नियम बहुतेकांना पाठ असतो: लेन्सचा झूम 200 एमएमवर असेल तर शटर स्पीड किमान 1/200 सेकंद. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा असतो. तिथे 1.5 ने गुणायचं, म्हणजे 1/300, कॅमेऱ्यात मिळणारा जवळचा आकडा 1/320. हे गुणायचं राहून जातं आणि फोटो किंचित मऊ येतात. छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, घरी कॉम्प्युटरवर कळतं.

मोठी चूक मात्र पुढची. लेन्सवर स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) आहे, मग 1/60 ला काय हरकत आहे, असं वाटतं. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, वारा थांबवत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कासला वारा असतोच. त्याच सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. सीतेची आसवं किंवा गेंद यांचे देठ इतके बारीक की जराशा झुळकीनेही डोलतात. तिथे 1/500 च्या खाली जाऊ नका, वारा जास्त असेल तर 1/1000 ठेवा. अगदी जवळून टिपताना तर प्रत्येक हालचाल मोठी दिसते आणि हाताच्या थरथरीचा वरचा नियमही अपुरा पडतो. जवळ जायच्या नादात पायवाट सोडून फुलं तुडवू नका, ही कळकळीची विनंती. झूम त्यासाठीच असतो.

एवढा उजेड आणायचा कुठून? आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवा. 100 लाच चिकटून राहायची सवय खरंच सोडा. साध्या ढगाळ हवेत ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 5.6 आणि आयएसओ 800 ला 1/1000 च्या आसपास मिळतो. धुकं उतरलं तर 1600, 3200 पर्यंत जा. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारे दाणे नंतर बऱ्यापैकी काढता येतात, हललेली पाकळी परत जुळवता येत नाही.

ठोसेघरच्या धबधब्याला गणित उलटं. खडक हलत नाहीत, त्यामुळे 18 एमएमवर 1/30 हातात सहज जमतो आणि स्टॅबिलायझेशनचा तिथे खरा उपयोग होतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवून पाणी दुधासारखं हवं असेल तर ट्रायपॉड न्या.

फुलांसाठी दर वेळी हे आकडे बदलत बसायचं नसेल तर मेनूत ऑटो आयएसओ (कॅमेराच आयएसओ ठरवतो) चालू करून किमान शटर स्पीड 1/500 ठरवून टाका. मग झुळूक ओसरायची वाट पाहा, कोपरं छातीशी धरा आणि बर्स्टवर ठेवून चार-पाच फोटो सलग घ्या.