आरव्हीच्या टपावरचा एसी बदलायचं काम शिकताय? मग हे वाचा

आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसी ट्रेड केलेली आणि आता अमेरिकेत वर्क परमिटवर असलेली बरीच मंडळी विचारतात, आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या प्रवासी गाड्यांच्या, शॉपमध्ये काम कसं असतं. मी टेक्ससमध्ये हेच काम करतो, म्हणून लिहितोय.

एसीची थंड करायची ताकद आपल्याकडे टनात बोलतात, इथे बीटीयूमध्ये. टपावरचे एसी बहुतेक 13,500 नाहीतर 15,000 बीटीयूचे, म्हणजे टनाच्या जरा वर. वीज 120 व्होल्टची आणि छोट्या गाडीला कनेक्शन 30 अँपचं, त्यामुळे एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडू शकतो, कस्टमरला हे आधीच सांगून ठेवायचं.

जुना एसी काढताना गाडीला बाहेरून वीज देणारी वायर काढा, जनरेटर बंद करा, 12 व्होल्टची बॅटरी लाइन पण सोडवून ठेवा कारण थर्मोस्टॅट त्यावर चालतो, आणि कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घालू नका. आतून चार लांब बोल्ट सुटले की युनिट मोकळं होतं. वजन भरपूर असतं, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका, आणि नवं युनिट टपावरून ओढत तर अजिबात नेऊ नका, खालचं गॅस्केट (पाणी अडवणारी फोमची पट्टी) फाटतं.

आता खरं काम. टपाला 14 बाय 14 इंचाचं भोक असतं, सगळी कारागिरी तिथेच. कडेचं लाकूड दाबून बघा, मऊ लागलं तर आधी ते दुरुस्त करा. जुना फोम साबणाच्या पाण्याने साफ करा, रबरी टपाला पेट्रोलियमवालं सॉल्व्हंट लावायचं नाही. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, गॅस्केट साधारण अर्धा इंच राहील इतपतच, आणि टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, कंपनीच्या कागदावर इंच-पाउंडमध्ये दिलेला असतो, फूट-पाउंड समजून आवळलात तर गॅस्केट चेपून मेलंच. बाहेरून भोवती सिलिकॉन फासायचं नाही, एसीचं पाणी टपावरच सुटतं, त्याला वाट हवी.

मग आतला डिव्हायडर. थंड हवा डक्टमध्ये (हवेच्या नळीत) जाते, तो सप्लाय, आणि खोलीतली गरम हवा परत वर येते, तो रिटर्न, दोन्ही त्याच भोकातून, मधे फक्त एक पातळ पत्रा, तोच डिव्हायडर. कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली तरी थंड हवा थेट रिटर्नमध्ये घुसते, कॉइल गारठून बर्फ धरते आणि कस्टमर म्हणतो नवीन एसी थंड करत नाही! टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन चारही कोपरे बघा आणि फॉइल टेपने बंद करा, इथे घाई करणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं. शेवटी थर्मामीटर लावा, रिटर्न आणि सप्लायमध्ये 16 ते 22 फॅरेनहाइटचा फरक पाहिजे. कमी आला तर गॅसचा विचार नंतर, आधी ती फट शोधा, या युनिटला तसंही गॅस भरायचा पोर्ट सहसा नसतोच.

शिकायचं असेल तर इंडियानात एल्कहार्टला आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, टेक्ससमध्ये अथेन्सला नॅशनल आरव्ही ट्रेनिंग अकॅडमी. सीलबंद युनिट नुसतं बदलायला ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं) 608 सर्टिफिकेट लागत नाही, गॅसची लाइन उघडायची असेल तर लागतं, पण काढून ठेवा, नोकरीला उपयोगी पडतं. आणि मदतनीस म्हणून घेतलं तर वरच्या उचलाउचलीपेक्षा गाडीच्या आतलं काम मागून घ्या, डिव्हायडर आणि टेपिंग तिथेच हाताखालून जातं.