विद्यापीठाचे सन्मान : नियमावलीपासून मानपत्रापर्यंत

कर्तबगार माजी विद्यार्थी, देणगीदार आणि सध्या शिकत असलेले गुणी विद्यार्थी यांचा गौरव करण्याचे विद्यापीठाने ठरवले, की चर्चा बहुधा सभागृह, प्रमुख पाहुणे आणि सन्मानचिन्ह यांपासून सुरू होते. ती चर्चा सवडीने करता येईल. आधी नियमावली तयार करून ती अधिकार मंडळाकडून संमत करून घ्यावी. एकदा नावे समोर आल्यावर लिहिलेला नियम त्या नावांच्या मापाने बेतला जातो, आणि हे बाहेरच्यांच्याही लक्षात आल्यावाचून राहत नाही.

नियमावलीत प्रत्येक सन्मानाची पात्रता, निवडीचे निकष, नामनिर्देशन कोण करू शकतो आणि सन्मानांची कमाल संख्या एवढे तरी असावे. संख्येपुढे ‘जास्तीत जास्त’ हे शब्द आवर्जून लिहावेत आणि योग्य नाव न मिळाल्यास त्या वर्षी तो सन्मान दिला जाणार नाही, अशी तरतूदही करावी. नोबेल शांतता पुरस्कार आजवर 19 वेळा कोणालाही दिला गेलेला नाही. त्यामुळे त्याची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. दरवर्षी ठरलेल्या जागा भरायच्याच असे धोरण ठेवले, तर काही वर्षांत सन्मानांची खिरापत वाटली जाते आणि सुरुवातीला ज्यांना तो मिळाला त्यांच्यावरही अन्याय होतो.

‘माजी विद्यार्थी’ कोणाला म्हणायचे, हेही आधीच ठरवावे. पदवी घेतलेल्यांनाच पात्र मानायचे, की काही सत्रे शिकून बाहेर पडलेल्यांनाही? हार्वर्ड विद्यापीठाने 2007 मध्ये बिल गेट्स यांना सन्माननीय (मानद) पदवी दिली. त्यांनी तेथील शिक्षण अर्धवट सोडले होते. व्याख्या कोणतीही करा, पण ती सर्वांना सारखीच लागू असावी. सन्माननीय पदवी आणि माजी विद्यार्थी पुरस्कार यांची गल्लतही होऊ देऊ नये. पदवीमागे विद्यापीठाचा विद्याविषयक अधिकार असतो, म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्ड यांसारख्या संस्था सन्माननीय पदव्या देतच नाहीत.

निवड समिती लहान ठेवावी, पाच ते सात जणांची. तीत निरनिराळ्या विद्याशाखांचे अध्यापक, एखादा माजी विद्यार्थी आणि विद्यापीठाबाहेरचा किमान एक सदस्य असावा. निधी संकलनाची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी मात्र तीत नसावेत. एखाद्या नावाशी सदस्याचे नाते, व्यवसाय किंवा मार्गदर्शक-शिष्य असा संबंध असेल, तर त्याने तो बैठकीच्या आरंभी सांगावा आणि त्या नावाची चर्चा होत असताना बाहेर जावे. केवळ मत न देणे पुरेसे नाही, कारण तो समोर बसलेला असताना इतरांना मोकळेपणाने बोलणे जड जाते. तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करावी.

नामनिर्देशनासाठी किमान दोन महिन्यांची मुदत द्यावी. अर्जात पानभर परिचयापेक्षा तीन नेमके प्रश्न अधिक उपयोगी ठरतात : या व्यक्तीने काय केले, त्यामुळे काय बदलले आणि हे पडताळून पाहायला पुरावा कोणता. केवळ आलेल्या अर्जांवर विसंबून राहिल्यास ज्यांच्यामागे माणसे आहेत त्यांचीच वर्णी लागते. ग्रंथपाल, परिचारिका, क्षेत्रीय संशोधक, शाळाशिक्षक अशांची नावे सहसा कोणी पाठवत नाही, म्हणून विभागांना स्वतःहून विचारणा करावी. माजी विद्यार्थ्यांनी स्वतःचे नाव सुचवण्यास मनाई असली तरी चालेल, पण विद्यार्थ्यांना ती मुभा द्यावी; लाजाळू मुलांची शिफारस करायला अनेकदा कोणीच नसते.

निर्णय होईपर्यंत गोपनीयता पाळणे ही केवळ औपचारिकता नाही. 1985 मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना सन्माननीय पदवी देण्याचा प्रस्ताव 738 विरुद्ध 319 मतांनी फेटाळला आणि ती जगभर बातमी झाली. नोबेल पुरस्कारांच्या बाबतीत नामनिर्देशने 50 वर्षे गुप्त ठेवण्याचा नियम आहे. विद्यापीठाने इतका काळ थांबण्याची गरज नाही, परंतु सर्व मंजुऱ्या हातात आल्याशिवाय सत्कारमूर्तींना अनौपचारिकपणेही काही कळवू नये, आणि त्यांचा होकार लेखी मिळाल्याशिवाय नाव जाहीर करू नये.

देणगीदारांचा सन्मान हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक भाग. आर्थिक साहाय्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या कृतज्ञतेला विद्वत्तेचा वेश चढवणे. म्हणून देणगीदारांसाठी स्वतंत्र नावाचा सन्मान ठेवावा आणि त्याच्या मानपत्रात देणगीतून काय उभे राहिले तेच लिहावे : किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली, कोणती प्रयोगशाळा सुरू झाली. रकमेचा आकडा व्यासपीठावरून वाचू नये. वेळ देणारे, विद्यार्थ्यांना विनामूल्य मार्गदर्शन करणारे किंवा आपला ग्रंथसंग्रह सोपवणारे हितचिंतकही याच वर्गात यावेत. पैसा कोठून आला याची चौकशी सन्मानाआधी करावी, आणि इमारतीला किंवा अध्यासनाला (देणगीतून चालणाऱ्या प्राध्यापकपदाला) नाव द्यायचे असल्यास ते कोणत्या परिस्थितीत काढता येईल, याचे कलम करारात असावे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाला ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामक औषधांच्या प्रकरणानंतर 2019 मध्ये अशा औषधाच्या कंपनीचे मालक असलेल्या सॅकलर कुटुंबाचे नाव आपल्या इमारती आणि कार्यक्रमांवरून काढावे लागले. सन्मान मागे घेण्याची अशीच कार्यपद्धती इतर दोन्ही वर्गांसाठीही लिहून ठेवावी, आणि संबंधितांना आपली बाजू मांडण्याची संधी तीत असावी.

विद्यार्थ्यांच्या निवडीत गुणांना स्थान असावेच, पण गुणपत्रिकेने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्यासाठी वेगळा पुरस्कार कशाला? संशोधन, क्रीडा, कला, सहाध्यायींना केलेली मदत यांचा विचार व्हावा. रक्कम देणार असल्यास ती शुल्क भरण्याच्या मुदतीपूर्वी हाती पडेल असे पाहावे. घरच्या हलाखीचा उल्लेख विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय करू नये. व्यासपीठावर त्याच्या कामाबद्दल बोलावे.

मानपत्र हा समारंभाचा गाभा असतो, आणि नेमके तेच आदल्या रात्री घाईने लिहिले जाते. शंभर-सव्वाशे शब्द पुरेत. ‘समाजासाठी अमूल्य योगदान देणारे बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणाचेच नसते. त्याऐवजी ‘पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या खोऱ्यासाठी त्यांनी कमी खर्चाचा पूल आखला, आणि त्याची रेखाचित्रे कोणालाही वापरता येतील अशी खुली केली’ असे लिहिले, तर श्रोत्याला माणूस दिसतो. मसुदा मोठ्याने वाचून पाहावा. वाचताना दम लागतो ते वाक्य तोडावे. छपाईपूर्वी तो सत्कारमूर्तींना तपासायला द्यावा, विशेषतः नावाचे शुद्धलेखन, पदव्या आणि वर्षे.

समारंभाबाबत थोडेच. सूत्रसंचालकाने प्रत्येक नावाचा उच्चार त्या व्यक्तीकडून आधी विचारून घ्यावा. विद्यार्थ्यांचे सन्मान प्रारंभी ठेवावेत. शेवटी ठेवल्यास निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. पाहुण्यांच्या भाषणाची वेळ निमंत्रणपत्रातच नमूद करावी. जिने चढता येत नाहीत अशा सत्कारमूर्तींसाठी उताराचा मार्ग (रॅम्प) आहे का, हे रंगीत तालमीत पाहावे, आणि गरज पडल्यास सन्मान सर्वांनाच खाली, प्रेक्षकांच्या पातळीवर द्यावा.

समारंभ आटोपल्यावर मानपत्रांच्या प्रती आणि निवडीची कारणे अभिलेखागारात जमा करावीत. ज्यांची निवड झाली नाही त्यांची नावे सुचवणाऱ्यांना पंधरवड्याच्या आत पत्र पाठवावे आणि ते नामनिर्देशन पुढील वर्षी आपोआप विचारात घेतले जाईल, की नव्याने सादर करावे लागेल, हे त्यात स्पष्ट लिहावे.